मूल शी दाबून धरतं, कडक खडा होतो, परत परत होतं : काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

डोंबिवलीत घरीच पाळणाघर चालवते, १६ वर्षं झाली. दीड ते चार वर्षांची मुलं असतात आणि दरवर्षी त्यातली तीन-चार तरी हा एकच त्रास घेऊन येतात. सकाळी दारात बॅग देताना आई हळूच सांगते, "काकू, ह्याला आज चौथा दिवस आहे, झाली तर प्लीज फोन करा." माझ्या धाकट्यालाही सव्वादोन वर्षांचा असताना हेच झालं होतं, पाच महिने चाललं, आणि त्यातले पहिले दोन महिने मी त्याच्यावर ओरडण्यात घालवले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून जे आधी बघायला हवं ते आधी, फुकटचे उपाय पहिले, आणि डॉक्टरकडे कधी जायचंच ते शेवटी, असं क्रमाने लिहितेय. हे सगळं १ वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी आहे, अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाचं गणित वेगळं असतं, त्याला हे लावू नका.

आधी लक्षणं

आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होते. झाली की शेळीच्या लेंड्यांसारखी किंवा इतकी जाड की मोठ्या माणसाची वाटावी. करताना रडतं, कधी शीवर बाहेरून लाल रेघ दिसते. पोट फुगल्यासारखं, जेवण कमी, चिडचिड, आणि शी होऊन गेली की तासाभरात तेच मूल पोटभर जेवून खेळायला लागतं.

आता दोन लक्षणं अशी आहेत जी जवळजवळ प्रत्येक घरात उलटी वाचली जातात. पहिलं म्हणजे पडद्यामागे जाणं. मूल खेळता खेळता एकदम थांबतं, सोफ्याच्या मागे किंवा बाल्कनीच्या पडद्यात जातं, टाचा उचलून चवड्यावर उभं राहतं, पाय एकमेकांना घट्ट चिकटवतं, मुठीत पडद्याचं टोक, तोंड लाल. घरचे म्हणतात बघा किती जोर लावतोय बिचारा, कुंथतोय. नाही हो, तो बाहेर काढायला जोर लावत नाहीये, आत ठेवायला लावतोय. हे एकदा नीट बघा, पाय चिकटलेले आहेत का आणि ढुंगण आवळलंय का ते बघा, कारण पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे.

दुसरं, चड्डीला दिवसातून चार वेळा पातळ डाग. घरी वाटतं जुलाब लागले, आणि कोणीतरी जुलाब थांबवायचं औषध देतं. आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ शी झिरपत असते, मुलाला ते कळतही नाही. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर अजून घट्ट होतं. चार दिवस शी नाही आणि मग असे डाग, असं असेल तर जुलाब समजू नका.

हे चक्र कसं फिरतं ते समजून घ्या. मोठ्या आतड्याचं काम शीतलं पाणी शोषून घेणं, त्यामुळे शी जितका वेळ आत राहील तितकी कोरडी आणि कडक होते. एकदा कडक शी झाली, दुखलं, मुलाने ठरवलं की आता करायचीच नाही. दाबली, अजून कडक झाली, पुढच्या वेळी अजून दुखलं. बरेच दिवस असं चाललं की शेवटचा भाग ताणून मोठा होतो आणि मग शी आल्याची जाणीवच बोथट होते. तेव्हा "तुला कळत कसं नाही" म्हणून काही फायदा नाही, त्याला खरंच कळत नसतं. हा हट्ट नाहीये, ही भीती आहे. सगळे उपाय ह्या चक्राला कुठेतरी तोडण्यासाठीच आहेत.

१. कॅलेंडरवर लिहा (खर्च शून्य)

स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतंच, त्याच्या चौकोनात रोज लिहायचं. झाली की नाही, कशी होती, रडला का. शीचे ७ प्रकार चित्रांनी दाखवणारा एक तक्ता आहे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी केलेला, १९९७ साली छापून आला, आज बऱ्याच डॉक्टरांकडे असतो. त्यात १ नंबर म्हणजे सुट्ट्या लेंड्या, २ म्हणजे गाठीगाठींची कडक, ३ आणि ४ म्हणजे मऊ लांबट, तशी हवी. नुसता आकडा लिहिला तरी चालतं.

हे पहिलं का, तर घरातल्या तिघांची उत्तरं तीन येतात. आजी म्हणतात रोज होते, आई म्हणते चार दिवस नाही, बाबांना माहीतच नसतं. आणि रोज झालीच पाहिजे असंही नाही, दोन दिवसाआड झाली पण मऊ आहे आणि मूल रडत नाही तर तो आजार नाही, उगाच मागे लागू नका. उलट रोज दोन लेंड्या पडत असतील तर ते पोट साफ होणं नव्हे, आत साठा तसाच असू शकतो. दहा दिवस लिहा, पण लिहिता लिहिता पुढच्या गोष्टी सुरू करा, दहा दिवस थांबू नका.

२. दूध मोजा

माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त वेळा चूक इथेच सापडते. मोजा म्हणजे खरंच मोजा, अंदाजाने नाही. एक आजी मला सांगत होत्या, "दूध कुठे पितो गं, दोन बाटल्या फक्त." मग आम्ही दोघींनी बसून लिहिलं. सकाळी उठल्यावर २५० मिलीची एक, माझ्याकडे दुपारी झोपताना एक, संध्याकाळी आई आल्यावर एक, रात्री झोपेत एक. आजींच्या हातून दोनच जात होत्या, त्या खोटं बोलत नव्हत्या, पण मुलाच्या पोटात १ लिटर जात होतं. एवढ्या दुधावर दोन वर्षांच्या मुलाला भूक कशी लागणार, आणि भूक नाही म्हणून जेवत नाही, जेवत नाही म्हणून निदान दूध तरी पिऊ दे, असं ते चालू राहतं.

१ वर्षाच्या पुढे दिवसभरात ५०० मिलीच्या वर दूध नको. दुधात फायबर, म्हणजे चोथा, अजिबात नसतं आणि पोट मात्र भरतं. शिवाय जास्त दुधामुळे अंगात लोह कमी पडतं, रक्त कमी होतं, त्यावर लोहाचं टॉनिक सुरू होतं, आणि काही मुलांना त्या टॉनिकनेही शी कडक होते.

कमी कसं करायचं, तर आधी रात्रीची झोपेतली बाटली. एकदम बंद केली तर दोन-तीन रात्री रडारड होते, म्हणून दर दोन दिवसांनी ३०-४० मिली कमी करा. बाकीचं दूध कपात द्या, बाटलीत नको, कपातून आपोआप कमी प्यायलं जातं. आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर तुम्ही कमी करता आणि दुपारी गुपचूप एक बाटली जाते, आणि त्यात त्यांचं प्रेमच असतं, भांडायचं कारण नाही. दूध पूर्ण बंद मात्र स्वतःच्या मनाने करू नका. काही मुलांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांमुळेच हा त्रास होतो आणि मग डॉक्टर दोन-चार आठवडे दूध बंद करून बघतात, पण तो निर्णय त्यांचा.

३. पाणी

ह्या वयाला दूध, ताक, वरण, सूप, पाणी सगळं धरून दिवसाला साधारण १ ते सव्वा लिटर पोटात जायला हवं. एप्रिल-मेमध्ये घामाने जातं, तेव्हा जास्त. एकदम ग्लासभर कोणी पीत नाही, छोटी स्टीलची वाटी किंवा पेला खेळण्यांजवळ ठेवा आणि दर तासाला दोन घोट. मला असं दिसलंय की स्वतःच्या पेल्यातून मूल दुप्पट पितं.

४. ताटात काय आहे

चार दिवस खाल्लेलं सगळं लिहा, बिस्किटासकट. बहुतेक वेळा यादी अशी निघते: दूध-बिस्कीट, मऊ भात-वरण-तूप, खारी, नूडल्स, परत भात. भात-वरण वाईट नाही, पण ह्या अख्ख्या यादीत चोथा कुठेच नाही. तूप घातल्याने शी मऊ होईल असं धरून चालू नका, तुपाने चव येते, अंगाला लागतं, फायबर त्यात नाही.

हिशेबाला सोपा नियम असा की मुलाचं वय अधिक ५, तेवढे ग्रॅम फायबर निदान रोज हवं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला ७ ग्रॅम. ऐकायला अवघड वाटतं पण मध्यम आकाराच्या एका पिकलेल्या केळ्यातच ३ ग्रॅमच्या आसपास असतं. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी वरणात कुस्करून, मुगाची किंवा चवळीची उसळ चेचून, थालीपिठात किसलेला भोपळा आणि मेथी, पपई, चिकू, मऊ पिकलेल्या पेरूचे बारीक तुकडे, नाशपती. रात्री ८-१० मनुका भिजवून सकाळी कुस्करून त्या पाण्यासकट द्या, सुके आलुबुखार मिळाले तर तेही असेच, त्यातल्या नैसर्गिक साखरेने आतड्यात पाणी ओढलं जातं आणि शी मऊ पडते. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे ह्या वयात नको, घशात अडकतात.

आणि हे नीट वाचा: आधीच आत मोठा खडा अडकला असेल तर फायबर वाढवून उपयोग नाही, उलट मागून माल वाढतो आणि पोट जास्त दुखतं. इसबगोल तर मनाने देऊच नका, पाणी कमी पडलं तर तेच घट्ट बसतं. फायबर म्हणजे पुन्हा होऊ नये म्हणूनचा उपाय, अडकलेलं काढायचा नाही.

५. बसायचं कसं

वेस्टर्न कमोडवर मुलाला बसवलं की पाय लोंबकळतात, आणि लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही, तुम्ही स्वतः उंच खुर्चीवर बसून बघा. शिवाय आत पडू अशी भीती, ती वेगळीच. लहान मुलांची आतली सीट लावा आणि पायाखाली पाट ठेवा, घरात देवपूजेचा जुना लाकडी पाट असतो ना, एक कमी पडला तर दोन. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. उकिडवं बसल्यासारखं झालं की आतला मार्ग सरळ होतो, म्हणून भारतीय संडास किंवा जमिनीवरची छोटी पॉटी उत्तमच.

वेळ जेवणानंतर १०-१५ मिनिटांनी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, त्या लाटेचा फायदा घ्यायचा. पाच मिनिटं बसवायचं, झाली तर झाली, नाही तर उठवायचं. वीस मिनिटं कोंडून ठेवायचं नाही. मी साबणाचे फुगे फुंकायला देते, फुंकताना पोटावर आपोआप जोर येतो आणि मूल शीचा विचार विसरतं.

६. भीती कुठून आली ते शोधा

हा सगळ्यात अवघड भाग, पैसे लागत नाहीत पण महिने लागतात. मागे जाऊन आठवा, हे नक्की कधी सुरू झालं. तापानंतर खाणं-पिणं बिघडून एकदा कडक झाली असेल. गावाला गेल्यावर अंधारा संडास असेल. घरात नवीन बाळ आलं असेल. आणि जून. प्लेग्रुपमध्ये डायपर चालत नाही म्हणून मे महिन्यात घाईघाईने डायपर सोडवला जातो, आणि जुलैपर्यंत माझ्याकडे अशी दोन तरी मुलं असतात. मूल तयार नसेल तर डायपर परत लावा. मागे गेल्यासारखं वाटतं आई-वडिलांना, पण शी दाबण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली कितीतरी बरी.

दोन वर्षांपूर्वीच्या एका मुलीचं सांगते, तिला तीन पूर्ण व्हायला महिना बाकी होता. शू टॉयलेटमध्ये करायची पण शी आली की डायपर मागायची आणि डायनिंग टेबलखाली जायची, डायपर नाही दिला तर पाच दिवस दाबायची. आईला तिच्या घरी सगळे म्हणत होते डायपर देऊच नको, हट्ट मोडेल. मी म्हटलं द्या. आधी दोन आठवडे डायपर मागितला की लगेच, काही न बोलता. मग डायपर मिळेल पण बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं. मग दाराच्या आत. मग डायपर घालूनच पॉटीवर बसायचं, कपड्यांसकट, हसत हसत. त्यानंतर तिच्या आईने डायपरला मध्ये कात्रीने छोटं भोक पाडलं, दर चार दिवसांनी थोडं मोठं, आणि शेवटी कमरेभोवती नुसता पट्टा उरला होता तरी ती पोरगी तो लावून निवांत बसायची. एक दिवस पट्टा लावायचा विसरली. तीन महिने लागले एकूण, आणि ह्या तीन महिन्यांत शी मऊ ठेवायचं औषध डॉक्टरांनी चालू ठेवलं होतं हे महत्त्वाचं, कारण दुखत राहिलं असतं तर ह्यातली एकही पायरी चढली नसती.

बोलण्यातही सांभाळा. दर अर्ध्या तासाने "शी आली का, शी आली का" विचारू नका. "शी घाण, छी" असं तोंड करू नका. पाहुण्यांसमोर त्याच्या शीची चर्चा नको, दोन वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. चड्डीत झाली तर शांतपणे धुवायचं, एवढंच म्हणायचं की बरं झालं बाहेर आली, आता पोट दुखणार नाही. बक्षीस द्यायचं तर बसल्याबद्दल द्या, झाल्याबद्दल नको, बसणं त्याच्या हातात आहे, होणं नाही.

शीवर लाल रेघ असेल तर जागेला छोटी चीर पडलेली असते. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसवा, बाहेरच्या कातडीला खोबरेल तेलाचं बोट लावा. पण चीर आहे म्हणजे घरी प्रयोग करत आठवडे काढू नका, पुढच्या पायरीला जा.

घरी काय करायचं नाही

विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आत घालणं, साबणाची कांडी घालणं. हे मी माझ्या सासूबाईंकडूनही ऐकलंय आणि त्या काळी दुसरं काही नव्हतं हेही मला मान्य आहे. त्याने त्या वेळी शी होते, खरं आहे. पण साबणाने आतली नाजूक कातडी जळजळते, देठाने खरचटतं, आणि जे मूल त्या जागेला घाबरूनच शी दाबतंय त्याला चार जणांनी धरून तिथेच काहीतरी घातलं की पुढचे दोन महिने ते मूल चड्डी काढू देत नाही. मेडिकलमधून आणलेली सपोझिटरी (शीच्या जागेतून आत ठेवायची गोळी) किंवा एनिमासुद्धा (तिथूनच आत सोडायचं पातळ औषध) डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. नाक दाबून एरंडेल पाजू नका, रडताना तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला धोका असतो.

७. इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

दूध, पाणी, खाणं, बसणं हे सगळं दोन आठवडे प्रामाणिकपणे करून फरक नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. मूल दाबून धरतंय आणि दुखतंय, किंवा चड्डीला डाग पडतायत, तर दोन आठवडेही थांबू नका, तिथे औषधाशिवाय चक्र तुटत नाही. जाताना ते कॅलेंडरचं पान, दुधाचा हिशेब आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं घेऊन जा, पाच मिनिटांत डॉक्टरांना चित्र कळतं.

साधारणपणे ते लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात, ही औषधं आतड्यात पाणी धरून शी मऊ ठेवतात. आधी आतला साठा मोकळा करायचा आणि मग रोजचा ठरलेला डोस. सगळ्यांना एकच भीती असते, सवय लागेल का. ह्या औषधांची तशी सवय लागत नाही. खरी गडबड वेगळीच होते, चार दिवस छान शी झाली की घरचे औषध बंद करतात आणि तीन आठवड्यांत सगळं परत पहिल्यापासून. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या युरोप-अमेरिकेतल्या संघटनांनी २०१४ साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे, रोजचा डोस निदान २ महिने, त्रास पूर्ण थांबून निदान १ महिना गेल्यावरच हळूहळू कमी करायचा. डोस डॉक्टरच ठरवतील, शेजारच्या मुलाचा डोस तुमच्या मुलाला नको.

शंभरातल्या ९० हून जास्त मुलांमध्ये ह्यामागे दुसरा आजार नसतो. पण पुढच्यातलं काही असेल तर घरी काहीच करून बघू नका, दूध मोजत बसू नका, थेट डॉक्टर. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, किंवा त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे, कारण आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जातंतूंच्या पेशी नसतात असा हिर्शस्प्रंग नावाचा एक आजार आहे, साधारण ५००० बाळांत एकाला होतो, आणि त्याला ऑपरेशनच लागतं. वजन वाढत नाही. शी फितीसारखी चपटी बारीक येते. चालण्यात फरक पडलाय, पाय अशक्त वाटतात, किंवा कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे.

आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं ते ह्या वेळी: हिरवी उलटी, पोट टणक फुगलेलं आणि मूल मलूल, सोबत ताप, शीतून रेघेपेक्षा जास्त रक्त, किंवा मूल थोड्या थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतंय आणि लाल जेलीसारखी शी होतेय.

बरं झाल्यावरही कॅलेंडर लगेच काढून ठेवू नका. ताप आला, गावाला गेलात, शाळा सुरू झाली की हे डोकं वर काढतं. तीन दिवस चौकोन रिकामा दिसला की परत दुधाच्या बाटल्या मोजण्यापासून सुरुवात करायची, आणि औषध चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.